बेतायचं टेबल आणि दीड इंच

अनसूया ज्ञानू माने. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी लांब आहे, पण तिच्यात पहिलं नाव या बाईंचं. निवृत्तीच्या दिवशी सांगलीला आमच्या शिवणकेंद्रात छोटा समारंभ झाला. तिथं मी हे नाव घेतलं, तेव्हा समोरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कोणाला वाटलं, बाई माझ्या शिक्षिका असतील. कोणाला वाटलं, कॉलेजच्या फीला मदत केली असेल. बाईंना अक्षरओळख नव्हती. त्या औंधजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा पलटणीत, घरी सासू आणि थोडी जमीन. साताऱ्याच्या आमच्या शिवणखोलीत त्या कापड बेतायचं काम करत. सगळे त्यांना आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

या अंकासाठी 'नोकरीतले अनुभव' लिहा असं सांगितलं गेलं. चौतीस वर्षांत मी तेरा शिवणखोल्या उभ्या केल्या, आणि प्रत्येक ठिकाणी पहिलं काम टेबलाचं केलं. मशीन दोन महिन्यांनी आलं तरी चालतं. टेबल चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. हे मी पहिल्याच टेबलावर शिकलो, आणि त्याची झळ मला बसली नाही, आक्कांना बसली. तेवढंच लिहितो.

मी पलूसकडचा. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी सांगलीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी. ए. झालो, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि साखर मिळत नव्हती, म्हणून वडिलांनी गावात पेढ्यांऐवजी गूळ वाटला. नोकरी लागली ती तात्यांमुळे. तात्या वकिली सोडलेले, साताऱ्यातल्या एका संस्थेचे चिटणीस. कॉलेजात असताना वसतिगृहात माझी सोय त्यांनीच लावून दिली होती. संस्थेनं लढाईवर गेलेल्या शिपायांच्या घरच्या बायकांसाठी शिवणखोली काढायचं ठरवलं आणि तात्यांनी मला व्यवस्थापक केलं. कापडातलं मला काय कळत होतं? अंगावर घालतात, एवढंच. पण बी. ए. झालेल्या माणसाला काहीही जमतं, अशी त्या काळी समजूत होती. ती माझीही होती.

खोली पंधरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. तीन पायमशीनं, नऊ बायका. कापण्याचं काम जमिनीवर बसून चाले. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं डाव्या हातात, आणि उजव्या हातात कात्री. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. पण आमची जमीन शेणानं सारवलेली, आणि साताऱ्याचा पावसाळा. जमीन ओल धरायची आणि पांढऱ्या कापडावर पिवळट डाग उमटायचे. शिवाय खाली बसून एका वेळी एकच सदरा कापता येतो. टेबलावर सहा थर एकावर एक पसरता येतात. आमच्या बायकांत हे एकट्या आक्कांनी पाहिलं होतं. पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या शिवणखोलीत त्या चार वर्षं कामाला होत्या आणि तिथं त्यांच्या हाती कात्री आली होती.

लाकूड मिळणं अवघड होतं. शेवटी पाडलेल्या एका गोदामाचे दोन सागवानी दरवाजे मिळाले, प्रत्येकी सहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. ते लांबीत जोडले की बारा फूट. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, छत्तीस इंच. म्हणजे दोन्हीकडे दीड दीड इंच मोकळं. एक बाजू भिंतीला लावली की उरलेल्या तिन्ही बाजूंनी माणूस फिरेल एवढी वाट राहात होती. हे सगळं मी कागदावर आखून दत्तू सुताराला दिलं. त्यानं कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्यात पाय कुटं हाईत?"

पाय मी काढलेच नव्हते.

"उंची किती ठेवू?"

मी टेबल कुठं लागायला हवं ते माझ्या कमरेशी हात लावून दाखवलं. सदतीस इंच. दत्तूनं तसं केलं. कड्यांची भोकं लाख आणि भुसा भरून बुजवली, कोपरे गोल केले, म्हणजे पदर अडकणार नाही. पृष्ठभाग सपाट आहे का हे बघायला परातीत काठोकाठ पाणी भरून ती टेबलावर ठेवली आणि पाणी ज्या बाजूला सांडेल तिकडच्या पायाखाली पाचर मारली. दोन दिवस हे चाललं होतं. मला त्या टेबलाचा इतका अभिमान वाटला की मी तात्यांना बोलावून दाखवलं.

मग बायका आल्या. आक्का टेबलाजवळ उभ्या राहिल्या. त्यांचे कोपर टेबलाच्या वर येईनात.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ह्यो टेबल हाय का माळा? चडायला शिडी द्या, आन् वरनं पाखरं हाकतो."

भागीरथी नावाची एक बाई होती, आक्कांच्या शेजारच्या गावची, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "आवं आक्का, त्यानी सोताच्या कमरंनं मोजलंय. सोताच कापनार असतील."

दत्तूनं चारी पाय चार चार इंच कापले. परात पुन्हा आली, पाणी पुन्हा सांडलं. बेतायचं टेबल कापणाराच्या कोपराच्या चार बोटं खाली असावं, कात्री दाबताना खांदा वर उचलावा लागू नये, हा नियम मी तेव्हा शिकलो. पुढं प्रत्येक खोलीत मी आधी बायकांची उंची मोजली. पलूसला एकदा दोन उंचीची दोन टेबलं करावी लागली, कारण तिथल्या एक बाई दारातून वाकून आत येत.

ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही.

ती सांगण्याआधी त्या दिवसांतलं वातावरण सांगायला हवं. कापडावर नियंत्रण होतं. परवान्यावर मोजून मिळायचं, आणि मिळेल ते घ्यायचं. त्यामुळे जो कात्री धरील त्याच्यावर सगळ्यांचा संशय. एक निवृत्त सुभेदार आमच्याकडे बंडीचं कापड घेऊन आले. आम्ही बाहेरचं काम घेत नव्हतो, पण त्यांना नाही कोण म्हणणार? ते टेबलाशी सावधान उभे राहिले आणि कापून होईपर्यंत हलले नाहीत. आक्कांनी मोजायची टेप त्यांच्या हातात दिली. "सुभेदारसाब, तुमीच मोजा. मोजलं की बोला. आन् मिशीचं टोक जरा वर घ्या, कात्रीत घावंल." सुभेदार पहिल्यांदाच हसले. जाताना कातरणाचा बोटभर तुकडासुद्धा खिशात घालून घेऊन गेले. त्यात त्यांचं चुकलं असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

आक्कांची स्वतःची एक पद्धत होती. प्रत्येक ताक्याचं कातरण त्या वेगळ्या गाठोड्यात बांधत आणि गाठोड्याला ताक्यावरचीच चिठ्ठी लावत. मी एकदा म्हटलं, "चिंध्यांचा एवढा थाट कशाला?" त्या म्हणाल्या, "ताका आला तेवडाच गेला, ह्ये दावाया नगं?"

गणपती झाल्यावर संस्थेला पहिलं मोठं काम मिळालं. एका वसतिगृहाचे साठ सदरे. त्यासाठी परवान्यावर हातमागाच्या कापडाचे पाच ताके मिळाले, प्रत्येकी चोवीस वार. हिशेब नेमका बसत होता: बारा फुटी टेबलावर सहा थर, म्हणजे एक ताका, म्हणजे बारा सदरे. एक वारही जादा नव्हता. काम नीट झालं तर पुढं दवाखान्याचंही काम मिळणार होतं. बिघडलं तर शिवणखोली बंद करायची असं संस्थेतले काही जण आधीपासून म्हणतच होते.

कापड सैल विणीचं होतं. पसरलं की सुरकुत्या पडायच्या, थर एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं की कापड एकसारखं ताठ पसरावं. पुस्तकात 'ताठ' म्हणजे किती ते लिहिलं नव्हतं. मी दत्तूला बोलावून टेबलाच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी ठोकून घेतली आणि पट्टीत बारीक खिळ्यांची रांग बसवली. कापडाचं एक टोक या खिळ्यांत अडकवायचं, दुसरं ओढून त्या खिळ्यांत. सुरकुती म्हणून राहिली नाही. बोटानं वाजवलं तर हलगीसारखं वाजेल.

आक्का बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, येवडं वडू नगा."

"का?"

"कापड लांबनं आलंय. गुंडाळून गुंडाळून आंबलंय बिचारं. एक रात मोकळं सोडा, निजू द्या त्येला. सकाळी आपसूक सरळ हुतं. वडून कापलं की मागनं आपल्या जागंला जातंय."

"जागेला म्हणजे कुठं?"

"व्हतं तितं."

मला ते हास्यास्पद वाटलं. खोटं कशाला सांगू, आतल्या आत थोडा रागही आला. मी चार वर्षं कॉलेजात गेलो होतो आणि ही बाई मला कापड झोपवायला सांगत होती. वसतिगृहाचे व्यवस्थापक आठवड्यात सदरे मागत होते. मी म्हणालो, "आक्का, निजायला वेळ नाही. कापा."

त्यांनी कापलं.

पहिला ताका कापून झाला, खिळ्यांवरून थर सुटले, आणि आक्कांनी एका तुकड्यावर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून मला हाक मारली. तुकडा नमुन्यापेक्षा अर्ध्या इंचाहून थोडा जास्त आखूड होता. नमुना तोच, आखलेली रेघ तीच. रेघच आखडली होती.

"बगा," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मी पाहिलं. मला कळलं. आणि मी म्हणालो, "शिवताना दुमड कमी घ्या. इस्त्रीनं येईल." उरलेल्या ताक्यांसाठी खिळे काढून टाकावेत, एवढंच करायचं होतं. पण ते काढायचे म्हणजे ते बसवणं चूक होती हे नऊ बायकांसमोर कबूल करायचं. आम्ही आणखी तीन ताके तसेच ताणून कापले.

इस्त्रीनं आलं नाही. पाणी शिंपडून इस्त्री फिरवल्यावर कापडातला उरलासुरला ताणही गेला. चोवीस सदरे शिवून झाले तेव्हा वसतिगृहाचे व्यवस्थापक तात्यांबरोबर पाहायला आले. येताना त्यांनी नमुन्याचा सदरा आणला होता. तो त्यांनी आमच्या सदऱ्यावर ठेवला. दीड इंच आखूड. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे दीड इंच.

माणूस गणितात पक्का होता. "पुढचा दीड, मागचा दीड, सदऱ्यामागं तीन इंच," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस सदरे कापलेत. चार वार कापड झालं, तात्या. चार वार कुठं गेलं?"

मशीनं थांबली.

तात्यांनी विचारलं, "कापलं कोणी?"

"म्या," आक्का म्हणाल्या.

"मग आखूड कसं झालं?"

"साहेबांनी खिळ्यानी वडून धराया सांगिटलं. वडल्यालं कापड सुटलं की आकसतं. म्या आदीच सांगिटलं हुतं त्यास्नी."

व्यवस्थापक हसले. "बाई, कापड आहे की रबर?"

तात्या माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, उलट विश्वास होता, आणि तोच मला जड गेला. "काय रे, टेबलात काही दोष आहे का?"

मी म्हणालो, "नाही, तात्या. टेबल बरोबर आहे."

यात एकही शब्द खोटा नाही, असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. टेबल बरोबरच होतं. खिळ्यांबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं. वकिलांच्या सहवासात राहून एवढं मलाही जमू लागलं होतं.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. आपली कात्री फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली, चपला पायात घातल्या आणि निघून गेल्या. तात्यांनी त्यांना "जा" म्हटलं नव्हतं. "राहा" असंही कोणी म्हटलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस मी काही केलं नाही. उरलेल्या कामासाठी कापलेलं कापड हवं होतं, पण पाचव्या ताक्याला कोणी हात लावेना. मी सांगितलं तेव्हा भागीरथीनं ताका उचलून खाली सतरंजीवर ठेवला.

"टेबल आहे ना?" मी म्हटलं.

"आमी खालीच कापतो, साहेब. खाली बसून कापलं की चोरी लागत न्हाई."

बाकीच्या बायका मान खाली घालून शिवत राहिल्या. कोणीतरी हसलं. मी ताका उचलून कपाटात ठेवला.

नवव्या दिवशी भागीरथी गावाकडून आली. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "साहेब, येक सांगू का? आक्काच्या गावात लय वंगाळ चाललंय. शिवनखोलीतनं कापडाच्या चोरीपायी काडली म्हनत्यात. परवा तिनं नवी चोळी घातली, तर चुलतसासू सगळ्यांसमोर म्हनली, 'ही कवाची गं? सरकारी हाय का?' ती चोळी तिच्या भावानं गेल्या दिवाळीला घेतल्याली. तिनं घरात जाऊन काडून ठिवली."

मी विचारलं, "नवऱ्याचं काही पत्र?"

"त्यो लामावर, लढाईत. त्येला कळवायचं म्हंजे कुनाकडनं तरी लिवून घ्यायचं. काय लिवायचं त्यात? तुमीच सांगा."

दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं. आत न उघडलेला पाचवा ताका होता. पहिल्या ताक्याचे बारा सदरे होते, अजून बटणं न लावलेले. आणि पहिल्या ताक्याच्या कातरणाचं गाठोडं होतं, ओढल्यामुळे ताक्याच्या शेवटी उरलेल्या तुकड्यासकट आक्कांनी चिठ्ठी लावून बांधलेलं. मी तिन्ही घेऊन पेठेतल्या एका वाण्याकडे गेलो आणि त्याचा धान्याचा मोठा तराजू मागितला. एका पारड्यात अख्खा ताका ठेवला. दुसऱ्यात बारा सदरे ठेवले. ते पारडं वर राहिलं. मग त्यात गाठोडं ठेवलं. पारडं खाली आलं, हललं, आणि काटा मध्ये थांबला. थोडा सदऱ्यांकडेच झुकलेला होता. तो दोऱ्याचा भार.

वाणी म्हणाला, "काय विकायचंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही काय पाहिलं ते लिहून द्याल का?"

त्यानं पुडीच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या.

तो कागद घेऊन मी तात्यांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला. मी सगळं सांगितलं: खिळे कोणी बसवले, आक्का काय म्हणाल्या होत्या, पहिल्या ताक्यानंतर त्यांनी मला आखूड तुकडा दाखवला होता तेही.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"भ्यालो."

"कोणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी तुला वसतिगृहात जागा दिली ती तू मला भ्यावंस म्हणून नव्हे." चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "व्यवस्थापकांना मी सांगतो. त्या बाईंना तू सांग. नोकरीचं नंतर बघू."

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावाला निघणार होतो. भागीरथीनं अडवलं. "तुमी गेलासा तर लोक म्हनतील, साहेब जप्तीला आला. आन् तुमी बोलनार ती घरात, तिच्या येकटीपाशी. गावाला काय कळनार? कागुद धाडा. आमच्याकडं टपाल आठवड्यातनं येकदा येतं. लामावरनं आल्याली कागदं साळंचं गुरुजी देवळाम्होरं वाचत्यात, समदं गाव गोळा हुतं. तितं वाचलं की झालं."

तिनं मला जे सुचवलं ते चार वर्षांच्या कॉलेजात मला सुचलं नसतं. इतिहासात मी जाहीरनामे वाचले होते. लिहायची वेळ ही पहिलीच.

पत्र टाकल्यावर काय झालं ते आधी सांगतो. पुढच्या आठवड्यात आक्का आल्या. त्या पत्राबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "खिळं काडलं न्हवं?"

"काढले."

"पट्ट्याबी काडा. पदर अडकतोय."

मग त्यांनी आखूड सदऱ्यांचा ढीग पुढं ओढला. चारही गाठोड्यांतल्या कातरणातून लांबट तुकडे निवडले, जोडले, आणि प्रत्येक सदऱ्याच्या खालच्या घेराला दोन बोटं रुंदीची पट्टी लावून दिली. पाचवा ताका रात्रभर टेबलावर मोकळा पसरून ठेवला आणि सकाळी कापला. त्याचे बारा सदरे नमुन्याबरहुकूम उतरले. व्यवस्थापकांनी ते पट्टीवाले सदरे नाक मुरडून घेतले. पण पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा कापड पाठवलं तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, खालची पट्टी याही वेळी लावावी, सदरा जास्त टिकतो.

माझी नोकरी राहिली. आक्का पुढं पाच वर्षं त्या टेबलाशी होत्या. नवरा लामावरून सुखरूप आला, त्यानंतरही. मला त्यांनी कापड ओळखायला शिकवलं. डोळे मिटून उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते हातानं सांगायला लावायच्या आणि चुकलं की भागीरथीला हाक मारायच्या, "ये गं, बी. ए. बग!" मला येतं ते सगळं तिथलं आहे. पण त्या पाच वर्षांत 'आक्का, माझी चूक झाली' हे मी त्यांना तोंडानं कधीच म्हटलं नाही. रोज दहा वेळा संधी होती. लिहून झालं आहे, असं म्हणून मी ते टाळलं. आता त्या नाहीत.

कॉलेजात कोणतंही पत्र आधी कच्चं लिहायची सवय लागली होती, त्यामुळे खर्डा माझ्याजवळ राहिला. तो इथं जसाच्या तसा देतो.

"सातारा,
शुक्रवार

सौ. अनसूयाबाई ज्ञानू माने यांस,

सा. न. वि. वि.

मी शिवणखोलीचा व्यवस्थापक हे पत्र लिहीत आहे. हे पत्र तुमच्यासाठी आहे, आणि जे ऐकत असतील त्या सर्वांसाठी आहे.

वसतिगृहाचे सदरे दीड इंच आखूड झाले. त्यात तुमचा काही दोष नाही. टेबलाला खिळे मी लावले. कापड ताणून कापायला मी सांगितलं. ताणू नका, असं तुम्ही मला कापण्याआधी सांगितलं होतं. पहिला ताका कापल्यावर तुकडा आखूड झालेला तुम्ही मला दाखवला होता. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.

कापडाची चोरी झालेली नाही. एक अख्खा ताका आणि तुम्ही कापलेले बारा सदरे त्यांच्या कातरणासकट मी वाण्याच्या तराजूत घालून पाहिले. वजन बरोबर आलं. एक चिंधीसुद्धा कमी नाही. वाण्यानं तसं लिहून दिलं आहे, तो कागद संस्थेच्या चिटणिसांकडे आहे. कोणाला पाहायचा असेल त्यानं साताऱ्याला येऊन पाहावा.

चिटणिसांनी मला विचारलं तेव्हा मी खरं बोललो नाही. मला माझ्या नोकरीची भीती वाटली. तुमची नोकरी जाताना मी बघत उभा राहिलो. आमच्या घरात शिकलेला मी पहिला आहे. शिकलेल्या माणसानं असं वागू नये, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तुम्हाला कामावरून कोणी काढलेलं नाही. टेबल रिकामं आहे. खिळे काढले आहेत. पाचवा ताका तुमच्यासाठी ठेवला आहे. तुम्ही याल तेव्हा तो कापू. तुम्ही आला नाहीत तर तुमची नाराजी योग्य आहे असं मी समजेन, आणि चिटणिसांना तसं सांगेन.

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

आपला,
व्यवस्थापक, शिवणखोली

ता. क. : पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरुजींस नमस्कार व विनंती. लामावरची पत्रं ऐकून झाली की माणसं उठून जातात असं कळतं. म्हणून हे पत्र सर्वांत आधी वाचावं. अनसूयाबाई तिथं नसतील तर त्यांना बोलावून घ्यावं व त्या येईपर्यंत थांबावं. आणि 'चूक माझी आहे' हे वाक्य, मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल तर, पुन्हा वाचावं."